ग्रोपरवाले काका

सिडनीतल्या मराठी मंडळींत एक ग्रोपरवाले काका असतातच. पुण्याहून पाहुणे आले की बाकीचे त्यांना ऑपेरा हाऊसला नेतात. काका थेट क्लोव्हेली गाठतात. दोन्ही काठांना काँक्रीट घातलेली ती चिंचोळी खाडी, आणि तिच्यात राहणारा ‘आपला ब्लूई’. म्हणजे ब्लू ग्रोपर: मीटरभर लांब, गर्द निळा, जाड ओठांचा. काकांच्या हातांनी मोजला तर दीड मीटर, आणि पाहुणे आणखी आठवडाभर राहिले तर दोन.

“वहिनी, घाबरू नका, माझ्या मागे या,” म्हणत काका स्नॉर्केल तोंडात कोंबतात. दिवसभरात तेवढाच वेळ ते गप्प. तेव्हाही हातवारे चालूच. मासा येतो मात्र खरोखर, आणि पाळलेल्या कुत्र्यासारखा मागेमागे फिरतो. काकांची छाती पाण्यातही फुगते. वास्तविक हा मासा दिसेल त्या पाणबुड्यामागे लागतो, कारण कोणीतरी सी अर्चिन फोडून आपल्यापुढे धरेल, हे त्याला पक्कं ठाऊक झालंय. पण काकांना हे सांगायचं कोणी?

बाहेर आल्यावर टॉवेल गुंडाळून व्याख्यान. याला भाल्याने मारायला 1969 पासून बंदी. 1998 साली हा न्यू साउथ वेल्सचा राज्यमासा झाला. पाहुण्यांतल्या रत्नागिरीच्या आजी सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, “पण लागतो कसा?” काका दुखावतात. (सुरमईच्या बाबतीत त्यांचं मन इतकं हळवं नाही. त्यांचा फ्रीझर बघावा.)

मग येतो काकांचा हुकमी किस्सा. ब्लू ग्रोपर सगळे आधी मादीच असतात, रंगाने तपकिरी. टापूतला नर गेला की तिथली एखादी थोराड मादी हळूहळू नर होते, निळी पडते आणि गादीवर बसते. हे सांगताना काका सासूबाईंकडे अर्थपूर्ण बघतात. सासूबाई नाही बघत. हा निसर्गनियम साऱ्या किनाऱ्याला लागू आहे, फक्त क्लोव्हेलीला नाही. तिथे काका सिडनीत आले तेव्हापासून एकच ब्लूई, तोच तो, काकांना ओळखणारा.

“पण मागच्या खेपेला त्याच्या जबड्याशी भलामोठा वण होता ना?” एखादा चौकस मेहुणा विचारतो.

“गेला तो,” काका म्हणतात. “मेडिकेअर आहे इथे.”