कंबर तुमची, हातगुण आमचा

ज्याची कंबर दुखते त्याला गावात शत्रू उरत नाही. पार्किंगवरून ज्यांच्याशी बोलणं बंद असतं, ते तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ लिफ्टमध्ये आपलं वाकडं उभं राहणं न्याहाळतात आणि आपणहून विचारतात, "एल-फोर, एल-फाइव्ह का हो?" आपण म्हणतो, "नाही, एल-फाइव्ह, एस-वन." त्यांचा चेहरा उजळतो. "अरे वा, आमच्या मेहुण्यांचा तोच!" पूर्वी ओळख काढायला गोत्र विचारत, आता मणका विचारतात. आणि मणका जुळला की पुढचं वाक्य ठरलेलं: "एकदा आमच्या माणसाकडे जाऊन तर बघा. हाताला गुण आहे त्यांच्या."

असा 'आमचा माणूस' प्रत्येकाकडे असतो आणि तो कधीही हमरस्त्यावर बसत नाही. भोरच्या पुढे, घाट लागायच्या आधी, डाव्या हाताला, फक्त मंगळवारी आणि शनिवारी, सकाळी सातच्या आत नंबर. दुखरी कंबर घेऊन एवढ्या खड्ड्यांतून जो तिथवर पोहोचतो, त्याची कंबर मुळात मजबूतच असणार. निम्मं यश तिथेच पदरात पडतं.

हे दुखणं किरकोळ समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांची कंबर दुखत होती आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींवर जाईल. माणसाला कामातून उठवणाऱ्या दुखण्यांत जगात पहिला नंबर हिचाच. एवढी मोठी मतपेढी असूनही एकाही पक्षाच्या जाहीरनाम्यात कंबर नाही. गतिरोधक आणि पेव्हर ब्लॉक यांच्यामार्फत महापालिका मात्र आपल्या परीने मतदारसंख्या वाढवत असते.

रीतीप्रमाणे आपण आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जातो. तिथे दोन तास बाकावर बसायचं, जे कंबरेला सर्वांत वाईट, आणि मग तीन मिनिटं आत. डॉक्टर आपल्याकडे बघत नाहीत, फिल्मकडे बघतात. फिल्मवर 'डिस्क बल्ज' आणि 'डिजनरेशन' असं काहीतरी असतंच. ते नसतं तर नवल. ज्यांना काडीचंही दुखत नाही अशा माणसांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांच्या चकत्या झिजलेल्या निघाल्या. म्हणजे ऐंशीच्या आजोबांचा मणका कोराकरकरीत दिसला, तर फिल्म दुसऱ्या कुणाची तरी आहे असं खुशाल समजावं. पण हे आपल्याला कुणी सांगत नाही. आपण तो रिपोर्ट पत्रिकेसारखा घरोघर दाखवत फिरतो.

शेवटी डॉक्टर म्हणतात, "काही विशेष नाही. चाला, वजन उतरवा." इथे मराठी माणूस मनातून उतरतो. एवढे पैसे घेतले आणि चाला म्हणाला! चालायचंच होतं तर रिक्षाने कशाला आलो असतो?

मग पर्याय सुरू होतात. आपल्याकडचा सर्वांत जुना पर्याय म्हणजे पायाळू. कंबरेत उसण भरली की जन्मताना पायाकडून बाहेर आलेला माणूस शोधायचा आणि त्याच्याकडून कंबरेवर हलकीशी लाथ मारून घ्यायची. या उपचारपद्धतीबद्दल मला नितांत आदर आहे. अपॉइंटमेंट नाही, जीएसटी नाही, दहा सिटिंगचं पॅकेज नाही, आणि ज्या सुनेला एरवी ब्र काढता येत नव्हता तिला सासऱ्याला अधिकृतपणे लाथ मारायची सोय होती. दुर्दैवाने आता पायाळू बाळांची सुटका बहुतेक वेळा सिझेरियननेच होते. पोटातून वरच्या वर काढलेला पायाळू धरायचा की नाही, यावर शास्त्र गप्प आहे.

पायाळू न मिळालेले लोक कटिबस्तीकडे वळतात. उडदाच्या पिठाची गोल पाळ कंबरेवर बांधतात, तिच्यात कोमट तेल ओततात आणि आपण पालथे पडून राहतो. (हे ऐकून घरच्या म्हाताऱ्या माणसांना एवढ्या उडदांचं किती घुटं झालं असतं याची हळहळ वाटते.) खोलीत मंद उजेड, निर्गुंडीचा वास, आणि तेल बदलणाऱ्या ताई विचारतात, "काका, दुखणं कधीपासून आहे? घरी काही ताण आहे का?" असा प्रश्न काकांना लग्नानंतर कुणी विचारलेला नसतो. काका बोलू लागतात. ऑफिस, मुलगा, फ्लॅटचे हप्ते, भावाने बळकावलेला वाडा. तासाभराने तेल गार होतं आणि कंबर हलकी होते. श्रेय उडदाला जातं.

सुयांचंही तसंच. २००७ साली जर्मनीतल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. ११६२ रुग्ण, तीन गट. एका गटाला शास्त्रोक्त चिनी पद्धतीने सुया टोचल्या, दुसऱ्याला चुकीच्या जागी वरवर टोचल्या, तिसऱ्याला गोळ्या, व्यायाम वगैरे नेहमीचे उपचार दिले. शास्त्रोक्त सुयांनी ४७.६ टक्के लोकांना आराम पडला, चुकीच्या सुयांनी ४४.२ टक्के आणि नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के. पर्यायवाले म्हणाले, बघा, डॉक्टर हरले. डॉक्टर म्हणाले, बघा, सुया कुठेही टोचल्या तरी चालतं. दोघांचंही बरोबर आहे. उस्ताद आणि नवशिका यांच्यात जेमतेम साडेतीन टक्क्यांचा फरक पडावा असा दुसरा धंदा मला तरी माहीत नाही. राजकारण सोडून.

सध्या चलती आहे ती काडकन आवाजाची. ही विद्या अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावची. तिथे लोहचुंबकी उपचार करणाऱ्या डी. डी. पामर यांनी १८९५ साली इमारतीच्या एका सफाई कामगाराच्या पाठीला झटका दिला आणि त्याला नीट ऐकू येऊ लागलं, अशी आख्यायिका आहे. बहिरेपणावर सुरू झालेलं शास्त्र फिरत फिरत कंबरेवर आलं आणि आता मोबाइलवर नांदतं आहे. रीलमध्ये माणूस उताणा पडलेला, मानेपाशी माइक, एक पीळ आणि काडकन आवाज. कॉमेंटमध्ये सगळे लिहितात, हाड जागेवर बसलं! हाड जागेवरून हललेलंच नसतं. तो आवाज सांध्यातल्या द्रवात होणाऱ्या वायूच्या पोकळीचा, बोटं मोडताना येतो तोच. बोटं मोडली की आजी रागवायची. इथे त्याचे पैसे मोजून घेतात. मानेच्या झटक्याची मात्र थट्टा नको. क्वचित का होईना, मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी त्यात दुखावू शकते.

आणि भाचा राहिलाच. प्रत्येक कंबरेमागे चुंबकाची गादी विकणारा एक भाचा असतो. तो सहा महिने फिरकत नाही आणि कंबर धरल्याचं कळताच सपत्नीक येतो. गादी कर्जाने घ्यावी लागते. मामांची पाठ सरळ होत नाही, पण भाचा 'डायमंड' होतो. घरातलं कुणीतरी वर गेलं याचं मामांनी समाधान मानायचं.

आता मुद्द्याचं. यातल्या प्रत्येक उपायाने बरे झालेले लोक खरोखर भेटतात. ते खोटं बोलत नाहीत. कंबरदुखी दहातल्या नऊ जणांत अशी असते की नेमकं अमुकच बिघडलंय असं बोट ठेवता येत नाही, आणि ती चढते, उतरते, पुन्हा चढते. माणूस इलाज शोधायला निघतो ती चढलेली असताना. त्यानंतर ती उतरणारच असते. त्या वेळी जो कुणी पाठीवर हात ठेवून असेल, त्याच्या हाताला गुण येतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि कावळ्याने आता तिथे दवाखाना थाटला आहे, एसीसह.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा दोन्ही बाजूंची पंचाईत केली. मालिश चालेल, मणक्यावरचे हस्तोपचार चालतील, सुयाही चालतील. मात्र व्यायाम, दुखणं समजून घेणं आणि मनाचा ताण हाताळणं यांच्या जोडीने. नको काय? कंबरेचा पट्टा आणि वजनं लावून कंबर ताणणं. म्हणजे दाराआडच्या खिळ्याला लटकलेला, वडिलांकडून मुलाकडे आलेला तो पट्टाच बाद. मालिशवाला पास झाला आणि पट्टा नापास. पट्टा लिहून देणारे यावर अजून काही बोललेले नाहीत.

व्यायामाचं दुर्दैव एवढंच की तो दुसऱ्याकडून करून घेता येत नाही. पुण्यात १९७५ साली बी. के. एस. अय्यंगार यांची योगसंस्था उभी राहिली. दोऱ्या, विटा, खुर्च्या, पट्टे यांच्या आधाराने आखडलेल्या देहालाही आसनं कशी जमतील हे त्यांनी दाखवून दिलं. ते शिकायला सातासमुद्रापारहून लोक येतात. चार गल्ल्या पलीकडचा पुणेकर भिंतीला टेकून सांगतो, "आम्हाला माहीत आहे ते. आमच्या आत्याच जायच्या." आत्याच्या आसनांनी आपली कंबर बरी व्हावी, अशी त्याची माफक अपेक्षा असते.

तेव्हा वाचकहो, तेल लावा, सुया टोचून घ्या, हवं तर लाथही खा. सुखाने तासभर पडून राहण्याला कुणाची ना नाही. फक्त पायातली ताकद कमी होत असेल, जांघेत बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. ताप येतो, वजन घटतंय, रात्री दुखणं वाढतं, असं असेल तरीही तेलाच्या नादी न लागता डॉक्टरांना दाखवा. आपल्या देशात मणक्याचा क्षय अजून हयात आहे आणि तो उडदाच्या पिठाला भीक घालत नाही. बाकीच्यांनी रोज चालावं. जो उपचारवाला तुमचं ऐकून घेतो आणि वर चालायलाही सांगतो, त्याला फी आनंदाने द्या. जो पहिल्याच दिवशी वीस सिटिंगचे पैसे आगाऊ मागतो, त्याला पाठ दाखवा. दुखत असली तरी तेवढं जमतं.