आधी त्यांचं बघा

पुण्यात सासाणेनगरातल्या आमच्या अण्णांना पर्यावरण फार प्रिय. झाडाची फांदी छाटलेली त्यांना बघवत नाही, आणि कालव्यात कोणी निर्माल्याची पिशवी भिरकावली की ते पुलावर थांबून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. फक्त पर्यावरणासाठी खिशात हात घालायची वेळ आली की त्यांना लांबचं दिसायला लागतं. "आधी त्यांच्याकडून घ्या!" हे त्यांचं पालुपद. 'ते' म्हणजे कोण, हे प्रसंगानुसार ठरतं. कधी मगरपट्ट्याचे टॉवरवाले, कधी अमनोराचे, फारच चिडले तर अमेरिका.

अण्णांची चेतक २००३ सालची. २०१८ मध्ये तिला पंधरा वर्षं भरली आणि पर्यावरण कर भरायची पाळी आली. राज्यानं हा कर २०१० मध्ये आणला. पंधरा वर्षांवरच्या दुचाकीला तेव्हा पाच वर्षांचे २,००० रुपये, पेट्रोल मोटारीला ३,०००, डिझेलला ३,५००. अण्णांनी कॅलेंडरच्या पाठीवर गणित मांडलं. "माझी गाडी घर ते मंडई. आठवड्याला लिटरभर पेट्रोल. आणि रोज एकटा माणूस घेऊन खराडीला जाणारी ती रणगाड्याएवढी डिझेल गाडी नवी, म्हणून तिला हा कर शून्य! धूर मोजताय का वय मोजताय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. कर गाडीच्या वयावर आहे, ती किती फिरते यावर नाही. आणि जुनी गाडी कोणाच्या दारात असते हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. तरी मी म्हटलं, "अण्णा, महिन्याला तेहतीस रुपये पडतात."

"प्रश्न तेहतीस रुपयांचा नाही, तत्त्वाचा आहे." तत्त्वासाठी ते संगम पुलाजवळच्या आरटीओत चार वेळा निवेदन देऊन आले. त्याच चेतकवर.

तेवढ्यात त्यांच्या भाच्यानं फ्रान्सची बातमी आणली. तिथं श्रीमंतांचा संपत्तीकर जवळजवळ काढून टाकला होता आणि डिझेलवरचा कर मात्र पर्यावरणाच्या नावानं वाढत चालला होता. पॅरिसवाल्यांना मेट्रो आहे, खेड्यातल्यांना मोटारीशिवाय गत्यंतर नाही. मग नोव्हेंबर २०१८ मध्ये लोकांनी, मोटारीत ठेवणं सक्तीचं असलेलं पिवळं जाकीट अंगात चढवलं आणि चौक अडवले. डिसेंबरात सरकारला पुढची वाढ सोडून द्यावी लागली.

"ही आपली माणसं!" अण्णा म्हणाले आणि हार्डवेअरच्या दुकानातून पिवळं जाकीट घेऊन आले.

रविवारी संध्याकाळी ते गाडीतळाच्या चौकात उभे राहिले. हातात पुठ्ठा: 'धूर मोजा, वय मोजू नका'. पाच मिनिटांत एका पीएमपी ड्रायव्हरनं खिडकीतून मान बाहेर काढली. "ओ वॉर्डन, सासवडची लाइन सोडा की!" अण्णांनी त्याला फ्रान्स समजावून सांगायला सुरुवात केली, पण मागून टेम्पो, रिक्षा, उसाचा ट्रॅक्टर सगळेच कोकलायला लागले. शेवटी त्यांनी पुठ्ठा आडवा धरून सोलापूरची लाइन थोपवली. मग सासवडची. पाऊण तास गाडीतळ इतकं सुरळीत चाललेलं मी कधी पाहिलं नव्हतं. जाताना हवालदार म्हणाला, "काका, उद्यापण या."

"प्रतिसाद चांगला होता," असं त्यांनी घरी सांगितलं. पुढच्या आठवड्यात दोन हजार भरलेही, एजंटामार्फत. एजंटानं वर पाचशे घेतले, त्याबद्दल अवाक्षर नाही. "गरीब माणूस आहे तो."

सवलतींबाबत त्यांचं मत वेगळं आहे. महापालिका गांडूळखताचा प्रकल्प करणाऱ्याला मिळकतकरात पाच टक्के सूट देते, ती अण्णा घेतात. खड्डाही आहे. तपासणी येणार अशी कुणकुण लागली तेव्हा ते फुरसुंगीला दाजींच्या शेतातून डबाभर गांडुळं घेऊन आले. गांडुळांनी बहुधा आधी दुसऱ्या कोणाकडे जायला हवं होतं. चार दिवसांत मेली.

हे दाजी मात्र अण्णांना भारी पडतात. उरुळी देवाची आणि फुरसुंगीनं पुण्याच्या कचऱ्याचा डोंगर वर्षानुवर्षं नाकासमोर सोसला. विहिरींचं पाणी नासलं. मग २०१७ मध्ये गावं महापालिकेत घेतली आणि पाठोपाठ मिळकतकराची बिलं आली. गावकरी इतके वैतागले की पालिकेतून बाहेर काढा म्हणाले; २०२४ मध्ये दोन्ही गावांची वेगळी नगरपरिषद झाली. एकदा ही गोष्ट अण्णा दाजींसमोरच अन्यायाचा नमुना म्हणून रंगवून सांगत होते. आणि त्याच सकाळी घरचा कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताईंशी महिन्याच्या पैशांवरून त्यांची जुंपली होती: "कचरा मी फुकट देतोय, वर पैसेपण मीच द्यायचे? आधी त्या टॉवरवाल्यांकडून घ्या!"

दाजींनी चहाचा कप खाली ठेवला. "आन तुझा कचरा इतकी वर्षं कुठं येत हुता रं?"

अण्णा बराच वेळ बशीकडे बघत बसले. महिन्याचे पैसे त्या दिवसापासून वेळेवर जातात, पण यावर चर्चा नको.

दरम्यान चेतक बाजारात पुन्हा आली, विजेवरची. तिला रस्ताकर माफ. "एकाच घराण्यातल्या," अण्णा म्हणाले, "थोरलीला दंड आणि धाकटीचे लाड." मार्च २०२५ मध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या विजेच्या मोटारींना सहा टक्के कर लावायचं ठरलं, तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले. अखेर 'त्यांचं' बघितलं होतं! महिना संपायच्या आत मुख्यमंत्र्यांनी सभागृहात तो कर मागे घेत असल्याचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा कोणाशी बोलले नाहीत. चेतक आडवी कलंडवली, सरळ केली, किक मारली. चौथ्या किकेला ती पेटली. अण्णांनी तिचं तोंड फिरवून धुराडं मगरपट्ट्याच्या दिशेला केलं आणि अ‍ॅक्सिलेटर पिळला. वारा मात्र आमच्या गॅलरीकडे होता.