टी-एचचं शेपूट

गृहनिर्माण सोसायटीची वार्षिक सभा कायद्याने ३० सप्टेंबरच्या आत उरकायची असते. त्यामुळे वाशीच्या आमच्या सोसायटीत सभेची नोटीस गणपतीच्या वर्गणीच्या कागदाला खेटूनच लागते. त्या वर्षीची सभा बाविसावी होती. नोटीस इंग्रजीत. मथळ्यात २२चा आकडा आणि त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत टी-एच. बावीसथ!

मी पेन काढलं. निवृत्त माणसाच्या खिशात पेन असतंच, आणि ते सहसा दुसऱ्यांच्याच कागदावर चालतं. तेवढ्यात सेक्रेटरी जिन्यावरून उतरले. "काका, चौथ्याच्या पुढे सगळ्यांना टी-एचच ना?" त्यांनी विचारलं, आणि माझं पेन हवेतच राहिलं. कारण माणूस चुकला होता तो अस्सल मराठीत.

आपल्याकडे पहिला, दुसरा, तिसरा, चौथा ही चार भावंडं काय ती लाडावलेली. पाचव्यापासून पुढे सगळ्यांना एकच गणवेश, 'वा'. एकविसावा, बाविसावा, तेविसावा. हे जमतं, कारण आपण एककाला आधी उरकतो. बावीसमधला 'बा' पुढे निघून जातो आणि शेवटाला वीसच उरतात. त्या विसांना 'वा' लावला की झालं. इंग्रजीत मात्र मोठा पुढे चालतो आणि धाकटा मागून येतो. ट्वेन्टी आधी, सेकंड नंतर. शेपटाला हात लावायला जावं तर तिथे लाडावलेलंच पोर उभं.

मी सेक्रेटरींना नियम सांगितला: शेवटचा आकडा बघा. एक असेल तर एस-टी, दोनला एन-डी, तीनला आर-डी, बाकी टी-एच. दुसऱ्या दिवशी सुधारित नोटीस लागली. मथळा निर्दोष. खाली सभेची तारीख १२ सप्टेंबर, आणि बाराच्या डोक्यावर एन-डी!

चूक माझी. डोळ्याने शिकवलं, कानाने शिकवायला हवं होतं. ही शेपटं म्हणजे उच्चारलेल्या शब्दाची शेवटची दोन अक्षरं, बाकी काही नाही. ट्वेल्फ्थ म्हणून बघायचं आणि कानाला काय लागतं ते लिहायचं. (ट्वेल्फ्थ म्हणताना त्यातला फ आमच्या पिढीत कुणालाच सापडला नाही, पण टी-एच तेवढं सापडतं.) आणि अकरा ते अठरा इंग्रज चक्क मराठीसारखाच मोजतो. थर्टीनमध्ये तीन आधी, दहा नंतर. इलेव्हन आणि ट्वेल्व्हचा जुना अर्थ तर दहा बाजूला काढल्यावर 'एक उरला', 'दोन उरले' असाच. विसापासून त्याची चाल बदलते.

तसे आपण नात्यातलेच. फोर्थमधला थ आणि चतुर्थीतला थ एकाच घराण्याचे. सेकंड मात्र बाहेरून आणलेला, लॅटिनचा, अर्थ 'मागून येणारा'. त्याआधी इंग्रज दुसऱ्याला नुसता 'अदर' म्हणून भागवत असे.

पण वाशीत राहून क्रमवाचकांचा सराव व्हायचा कसा? मुंबईत खेतवाडीची बारावी गल्ली आहे, खारला चौदावा रस्ता आहे. अकरावीच्या पुढे बारावी, चालत गेलं तरी सापडते. खाडी ओलांडली की सिडकोची वसाहत, आणि इथे सगळे आकडे नुसतेच बसलेले. सेक्टर सतरा. सतरावा सेक्टर असं रिक्षावाल्याला सांगून पाहा, तो मीटर टाकायच्या आधी तुमच्याकडे बघेल. त्यातून प्रत्येक नोडचे सेक्टर पुन्हा एकपासून. सतरा वाशीत आहे, नेरुळलाही आहे. रांगच नाही, तर कितवा कोण हे विचारणार कुणाला?

आपला 'वा'ही काही फार सोज्वळ नाही म्हणा. सहकारी संस्थांसाठी २०११ साली घटनादुरुस्ती झाली, ती ९७वी. सभेत कुणीतरी तिचा दाखला द्यायला उठलं आणि 'सत्त्याण्णवावी' म्हणताना तीनदा घसरलं. चौथ्यांदा त्यांनी 'नाइंटी सेव्हन्थ' म्हणून सुटका करून घेतली. अमळनेरला २०२४ साली साहित्य संमेलन झालं, तेही सत्त्याण्णवावंच. तिथल्या निवेदकांचं काय झालं असेल?

पुढच्या वर्षी सेक्रेटरींनी शहाणपणा केला. एस-टी नको, एन-डी नको, अख्खी नोटीस मराठीत काढली. मी लिफ्टची वाट पाहत वाचत होतो. मथळा ठळक, ऐसपैस: 'तेवीसावी वार्षिक सर्वसाधारण सभा'.

'वी' दीर्घ. 'तेविसावी'तला 'वि' ऱ्हस्व हवा.

लिफ्ट आली, दार उघडलं, मिटलं आणि वर निघून गेली. मी खिशात पेन चाचपत होतो.