अपघात नीट कसा करून घ्यावा

प्रेसखाली बोट कुणाचंही जातं, त्याला अक्कल लागत नाही. अक्कल लागते ती त्या बोटाचं ऑपरेशन स्वतःच्या खिशाला हात न लावता करून घ्यायला. मी साडेनऊ बोटांचा माणूस आहे. उजव्या तर्जनीचं शेंड्याचं पेर चाकणकडच्या एका प्रेस शॉपमध्ये ठेवून आलो, आणि उरलेल्या बोटांनी जेवढे फॉर्म भरले तेवढ्या अधिकाराने हे मार्गदर्शन करतो आहे.

आधी वेळ निवडा. जनरल शिफ्ट, सकाळचे अकरा, चहा नुकताच झालेला. टाइम ऑफिस उघडं, एचआरचा माणूस जागेवर, साक्षीला चार जण. नवशिके नेमके रात्रपाळीत पहाटे साडेतीनला बोट घालवतात, तेव्हा कंपनीत जागी फक्त मशीन असते. आत शिरताना पंचिंग मात्र चुकवू नका. त्या यंत्रावर टेकवलेलं बोट हा तुम्ही कामावर असल्याचा पुरावा. डायखाली सापडलेलं बोट पुरावा नव्हे, ते तुम्ही घरून तसंच आणलं असेल.

पुढची तयारी पगाराच्या स्लिपवर. पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर तिथे ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, कपात दिसायला हवी: तुमचा पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. म्हणजे १८,००० पगारावर तुमचे १३५ आणि त्याचे ५८५. या १३५ रुपयांत १९४८ चा कायदा जे देतो ते वाचून डोळे भरून येतात. उपचाराच्या खर्चाला वरची मर्यादा नाही. काम करता येत नाही तोवर सरासरी पगाराच्या ९० टक्के भत्ता. अट एवढीच की अपघाताचा दिवस सोडून निदान तीन दिवस तुम्ही कामाला निरुपयोगी असावं, आणि ती प्रेस सहज पुरी करते. दिवाळसणाला सासरा इतकं देत नाही.

आता कार्ड. दहा आकडी विमा नंबर असलेलं ई-पेहचान पत्र नोकरीला लागताच मिळायला हवं. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतल्या तुटल्या बोटांचा हिशेब ठेवणाऱ्या ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेचे ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल सांगतात, की कित्येकांच्या हाती ते अपघातानंतरच पडतं. तेव्हा तुम्ही हात धरून बसलेले असताना ऑफिसात एकदम पळापळ सुरू झाली, तर ती अँब्युलन्ससाठी आहे असा गैरसमज नको. तुमचं नाव नोंदवणं चाललंय. ठेकेदाराकडून लागला असाल तर ठेकेदार म्हणेल कंपनीला विचार, कंपनी म्हणेल हा आमचा नव्हेच. कायदा मूळ मालकाला सोडत नाही, पण हे त्या घडीला कुणाला सांगायला जाऊ नका. रक्त वाहतंय.

तुटलेला तुकडा उचला. थट्टा नाही, हे नीट ऐका. तो स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवू नका, तो गोठून वाया जातो. काही तासांत हाताच्या सर्जनपर्यंत पोचलात तर जोडला जाण्याची आशा असते. माझं पेर साफसफाईवाल्याने पत्र्याच्या चिंधोट्यांबरोबर भंगारात टाकलं होतं.

आणि आता सगळ्या अभ्यासक्रमातला मुख्य धडा: केस पेपरवरची पहिली ओळ. कंपनीच्या गाडीतून तुम्हाला जवळच्या एखाद्या छोट्या नर्सिंग होममध्ये नेतील. सुपरवायझर बरोबर येईल, मायेने खांद्यावर हात ठेवील. डॉक्टर विचारतील, ‘कसं झालं?’ तुम्ही तोंड उघडण्याआधी तो सांगून मोकळा होईल, ‘घरी दारात सापडलं.’ डॉक्टर ते लिहितील. झालं! तीन शब्दांत तुम्ही कारखान्यातून घरी पोचलात, तेही बसचं तिकीट न काढता. यानंतर ऑपरेशन, भत्ता, पेन्शन यांच्यासाठी पुढची दोन वर्षं ज्या ज्या टेबलासमोर उभे राहाल, तिथला माणूस आधी ती ओळ वाचेल आणि मग चष्म्यावरून तुमच्याकडे बघेल.

म्हणून भूल चढण्याआधी बोला. शुद्ध असेल तोवर ‘कंपनीत, प्रेसवर, ड्यूटीवर’ हे तीन शब्द जपासारखे म्हणा. कंपनीच्या अपघात पुस्तकात, म्हणजे फॉर्म ११ मध्ये, नोंद झाली का आणि फॉर्म १२ चा अहवाल ईएसआयच्या शाखेत गेला का, ते घरच्या माणसाला विचारायला लावा. मी विचारलं तेव्हा आमचा सुपरवायझर म्हणाला, ‘अरे, कशाला कागद वाढवतोस? खर्च आपण करू ना.’

मराठीत ‘आपण’ हा शब्द फार लवचीक आहे. ऑपरेशनच्या दिवशी त्यात कंपनी, सुपरवायझर आणि मी असे तिघे होतो. पहिल्या ड्रेसिंगला कंपनी गळाली. तिसऱ्या ड्रेसिंगला आमच्या हिने मंगळसूत्राच्या वाट्या मोडायचं काढलं, तेव्हा कळलं की ‘आपण’ म्हणजे मी एकटाच.

ईएसआयच्या दवाखान्यातून पुढे पाठवलं तर रेफरची चिठ्ठी आधी, हॉस्पिटल मग. उलटा क्रम फक्त जीव जात असेल तर चालतो, आणि जीव जात होता हे कागदावर सिद्ध करायला तुम्ही जिवंत असावं लागतं.

जखम भरली की मेडिकल बोर्ड. तिथे भावपत्रक असतं, ते पाठ करून जा. अंगठा ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर १४, दोन पेरं ११, एक पेर ९, आणि हाड शाबूत ठेवून नुसता शेंडा छाटला असेल तर ५. मधलं बोट १२. अनामिका आणि करंगळी एकाच भावात, ७. अंगठी घालायचं बोट म्हणून अनामिकेला वर काही नाही. माझे ९ टक्के लागले. रोजचा ९० टक्के भत्ता ५४० धरा, त्याचे ९ टक्के म्हणजे दिवसाला साधारण ४८ रुपये ६० पैसे, जन्मभर. दोन चहा आणि एक वडापाव, रोज, त्या पेराच्या नावाने.

पगार २१,००० च्या वर असणाऱ्यांचा रस्ता वेगळा, १९२३ च्या भरपाई कायद्याचा. त्यात उपचाराची खरी बिलं मालकाने भरून द्यायची, ही सोय २०१० पासून आहे. दावा दोन वर्षांच्या आत लावायचा. गंमत तिथल्या अपवादात आहे. मशीनचा गार्ड मुद्दाम काढलात तर भरपाई नाही, पण त्याच अपघातात मेलात किंवा कायमचे पूर्ण निकामी झालात, तर हा दोष धरत नाहीत. प्रॉडक्शनसाठी गार्ड काढायला कुणी सांगितलं होतं, हे अर्थातच कुठल्या फॉर्ममध्ये विचारलेलं नाही. आता हे दोन्ही जुने कायदे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घातले आहेत आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. केस पेपरवरची पहिली ओळ आहे तिथेच आहे.

‘कामावर’ म्हणजे नक्की कुठे, अशी शंका असेल तर तेव्हाच्या उस्मानाबादकडची गोष्ट ऐका. साखर कारखान्याचा रखवालदार २२ एप्रिल २००३ ला पहाटे तीनच्या पाळीला घरून निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात गेला. तो कामावर होता का? होता, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, २९ जुलै २०२५ ला. घाई असलेल्यांनी हा नमुना घेऊ नये.

शेवटी फिटनेसचा दाखला घ्या आणि कामावर रुजू व्हा. जाण्याआधी गेटवरच्या यंत्रात आपलं कोणतं बोट नोंदवलंय ते आठवा. माझी उजवी तर्जनी होती. पहिल्या दिवशी उरलेला शेंडा काचेवर टेकवला, तर लाल दिवा लागला आणि आतली बाई गोड आवाजात म्हणाली, ‘पुन्हा प्रयत्न करा.’