परवानानिर्णय

न वापरलेले ट्रान्सपोर्ट लायसन्स ठेवावे की सोडावे, या प्रश्नावर आपल्या शास्त्रकारांनी मौन पाळले आहे. कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ १६१२ सालचा, पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’ १७९० चा, आणि हिंदुस्थानात मोटारगाड्यांचा पहिला सर्वदेशी कायदा झाला १९१४ साली. तेव्हा दोष त्यांच्याकडे जात नाही. तरीही ग्रहणाच्या वेधात कोणी काय खावे, याची बारकाईने चर्चा करणाऱ्या परंपरेत एवढी फट राहू देणे बरे नव्हे. म्हणून हा अल्प प्रयत्न. मांडणी मीमांसकांच्या अधिकरणाची, म्हणजे पाच अंगांची आहे.

विषय

दिल्लीच्या सरोजिनी नगरातला एक मराठी गृहस्थ कल्पावा. वय सत्तावन्न, केंद्र सरकारच्या कुठल्याशा मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. विशीत वर्ध्याहून दिल्लीला आला, तेव्हा क्लार्कच्या परीक्षेचा भरवसा नव्हता. म्हणून ‘स्टाफ कार ड्रायव्हर’च्या जागांवरही डोळा ठेवून तो गाडी शिकला आणि पुढे लायसन्सवर ट्रान्सपोर्टची नोंद करून घेतली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार अठराव्या वर्षी स्वतःची गाडी चालवता येते. व्यवसायाच्या गाडीला मात्र विशी पूर्ण लागते, शिवाय हलक्या वाहनाचे लायसन्स निदान वर्षभर हाती असावे लागते. मध्यंतरी आठवी पासची अटही होती, ती २०१९ मध्ये गेली. आमचा गृहस्थ बी.कॉम. असल्यामुळे ती त्याला कधीच नडली नसती.

यथावकाश क्लार्कची परीक्षा निघाली, क्वार्टर मिळाले, बढत्या मिळाल्या, आणि गृहस्थाने उभ्या आयुष्यात एकही भाडे मारले नाही. सासूबाईंना पहाटे नवी दिल्ली स्टेशनवर सोडण्याचे प्रसंग आले. पण त्याबद्दल कोणी काही दिले नाही, सबब ते भाड्यात धरता येत नाहीत.

संशय

संशयाला निमित्त लागते. इथे ते पुनर्विकासाने पुरवले. पूर्वी विनय नगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वसाहतीची जुनी क्वार्टर्स पाडून उंच इमारती उभ्या करायला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये मंजुरी दिली. नेताजी नगर, नौरोजी नगर धरून अशा सात वसाहती त्यात आहेत. क्वार्टर रिकामे करताना प्रत्येक वस्तू हातात धरून ‘ही न्यायची का?’ असे विचारावे लागते. पितळी घंगाळाचा निकाल लागला, दिवाळी अंकांचा लागला. पाकिटातल्या लायसन्सपाशी काम अडले.

‘‘अहो, टॅक्सी चालवणार आहात का आता?’’

‘‘नाही.’’

‘‘मग?’’

प्रश्नाला आणखी एक पीळ आहे. घंगाळ एक वस्तू होती, लायसन्स तसे नाही. एकाच कार्डावर दोन मुदती छापलेल्या असतात, खासगी वाहनाची एक आणि ट्रान्सपोर्टची दुसरी. एका महिन्यात स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादश्या आल्या की कोणती धरायची म्हणून घरात जो गोंधळ उडतो, तोच इथे. फरक इतकाच की भागवत एकादशी चुकली तर पोलीस विचारत नाही. अर्धे कार्ड ठेवून अर्धे टाकताही येत नाही.

पूर्वपक्ष

लायसन्स सोडावे म्हणणाऱ्यांची बाजू तगडी आहे.

पहिला हेतू कटकटीचा. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी खासगी परवाना वीस वर्षे किंवा पन्नाशी, यांतले जे आधी येईल तोवर चाले. ट्रान्सपोर्टची नोंद मात्र दर तीन वर्षांनी नवी करावी लागे. आता पाच वर्षांनी. प्रत्येक वेळी फॉर्म १-ए वर डॉक्टरची सही. न केलेल्या धंद्यासाठी डोळे तपासून घेणे तर्काला धरून नाही.

दुसरा हेतू आचाराचा. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील पंधरावा नियम सरकारी नोकराला पूर्वपरवानगीशिवाय खासगी धंदा करू देत नाही. म्हणजे एका कागदाने जे करायला मुभा दिली, ते दुसऱ्या कागदाने अडवले, आणि दोन्ही कागद सरकारचेच.

तिसरा हेतू निर्णायक वाटतो. विमा कंपन्या अपघाताचे दावे नाकारत: चालकाकडे हलक्या वाहनाचे लायसन्स आहे खरे, पण ट्रान्सपोर्टची नोंद कुठे आहे? हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१७ मध्ये तीन न्यायमूर्तींनी आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले की, हलक्या वाहनाचे लायसन्स असलेल्याला ७,५०० किलोच्या आतले व्यावसायिक वाहन चालवायला वेगळी नोंद लागत नाही. धोकादायक माल वगैरे खास प्रकार सोडून. म्हणजे क्वार्टरमधले सामान न्यायला आलेला छोटा टेम्पो आमचा गृहस्थ साध्या लायसन्सवर हाकू शकतो. त्याची नोंद आजवर वापरात निरुपयोगी होती, आता कायद्यातही अनावश्यक ठरली.

उत्तरपक्ष

यावर सिद्धांती म्हणतो: कटकटीचा हेतू पंचावन्न वर्षांपर्यंतच खरा. त्यानंतर खासगी परवान्याचे नूतनीकरणही पाचच वर्षांसाठी होते. आणि डॉक्टरचा दाखला तर चाळिशीनंतर सगळ्यांनाच लागतो. एकाच दिवशी दोन्ही अर्ज केले तर डोळेही एकदाच तपासले जातात. सत्तावन्नाव्या वर्षी निरुपयोगी लायसन्स उपयोगी लायसन्सइतकेच त्रासदायक असते. वयाने दिलेला हा एकमेव फायदा नाकारणे शहाणपणाचे नाही.

आचाराच्या हेतूत दोष असा की, नियम धंदा करण्याला आहे, धंदा करता येण्याला नाही. शिवाय तो नियम साठीला संपतो. त्या दिवशी काय काय संपते ते पाहावे. ओळखपत्र जमा, गाडीवरचा मंत्रालयाचा स्टिकर जमा. क्वार्टर तर त्याचे कधी नव्हतेच. तो तिथला भाडेकरूसुद्धा नाही, पगारातून दरमहा लायसन्स फी कापून घेऊन राहू दिलेला मनुष्य आहे, आणि ठरावीक महिन्यांत त्याने चावी द्यायची आहे. सरकारने आजवर दिलेल्या परवानग्यांत ट्रान्सपोर्टची नोंद ही अशी आहे, जी त्याने नोकरीच्या आधी स्वतःच्या हातापायांवर मिळवली आणि जिचा नोकरीशी काहीही संबंध नाही. तिसऱ्या हेतूप्रमाणे ती निरुपयोगी आहे, हे मान्य. पण साठीच्या सकाळी निरुपयोगी असण्यात ती एकटी नसेल.

उरला खर्च. नूतनीकरणाची फी २०० रुपये, कार्डाचे वेगळे. सरोजिनी नगरच्या ज्या बाजारात एक्स्पोर्ट सरप्लसचे ढीग मांडून ‘दो सौ, दो सौ’ असा घोष दिवसभर चालतो, तिथल्या रहिवाशाला ‘दोनशे रुपये देऊन नको असलेले का घ्यावे?’ असे विचारणे हा स्थानिक ज्ञानाचा अभाव होय. या गृहस्थाच्या कपाटात दिल्लीच्या कोणत्याच थंडीला न जुळलेली तीन जाकिटे आहेत. त्यांचा निकाल घंगाळाबरोबर लागला नाही, हे पूर्वपक्षाने ध्यानात घ्यावे.

निर्णय

सबब पुढीलप्रमाणे आचरावे.

पंचावन्नच्या आतल्याने ट्रान्सपोर्टची मुदत संपू द्यावी. शोक करू नये. मुदतीनंतर एक वर्षापर्यंत मन बदलण्याची सोय कायद्याने ठेवली आहे. वर्ष उलटले की पुन्हा चाचणी द्यावी लागते, आणि चाळिशीनंतर आठाचा आकडा काढून दाखवणे पोराबाळांसमोर शोभत नाही.

पंचावन्न उलटलेल्याने दोन्ही नोंदी एकाच दिवशी नव्या कराव्यात आणि घरी फक्त एकीबद्दल सांगावे.

नोंद रीतसर सोडायचीच असेल तर सारथी पोर्टलवर तशी सोय आहे; पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. ज्याने जे कधी वापरलेच नाही, ते परत करण्यासाठी अर्ज करणे हा नव्याने काम अंगावर घेण्याचा प्रकार असल्यामुळे सरकारी नोकराला तो वर्ज्य समजावा.

जो हा निर्णय श्रद्धेने वाचेल त्याला एजंटाशिवाय आरटीओत जाण्याचे धैर्य येईल, त्याचा ओटीपी वेळेत येईल आणि कार्डावरच्या फोटोत तो घरच्यांना ओळखू येईल. ज्याची श्रद्धा नाही, त्याने निदान पाकीट काढून कार्डावरच्या तारखा वाचाव्यात. त्यांतली एक बहुधा गेल्याच महिन्यात उलटली असेल.