उंटाच्या रंगाचा कोट

पुण्याजवळच्या मारुंजीतली थंडी पहाटे येते आणि हजेरी लावून साडेनऊच्या सुमारास निघून जाते. डिसेंबरात आभाळ निरभ्र असतं, जमीन रात्रभर ऊब गमावत राहते, गार झालेली जड हवा टेकडीवरून खालच्या शेतांत उतरते आणि तिथून थेट माझ्या स्कूटरवर येते. दुपारी पंखा लावावा लागतो. एवढ्या तीन तासांसाठी रस्त्याकडेला मिळणारं साधं जर्किन गावाला पुरतं. मला पुरलं नाही, कारण मी मॉलमधल्या आरशासमोर उभा राहिलो.

आरशात लांब लोकरी कोटातले एक गृहस्थ होते. कॉलर उभी, नजर दूर. हा माणूस सोसायटीचा मेन्टेनन्स उशिरा भरत असेल असं वाटेना. काळा कोट मी आधीच बाद केला होता; काळ्या कोटात आपल्याकडे माणूस एकतर वकील दिसतो, नाहीतर टीसी. निळ्यात रिसेप्शनचा नवरदेव दिसतो, आणि माझं पोट आता त्या वयाचं राहिलेलं नाही. उरला उंटाच्या रंगाचा. लांबी गुडघ्याखाली, बटणांच्या दोन रांगा, सेलमध्ये साडेसात हजार.

"अहो, हा घालून जाणार कुठे?" बायकोने विचारलं.

"१७ जानेवारी १९३५ला पुण्यात पारा १.७ अंशांवर उतरला होता."

"तेव्हा तुम्ही स्कूटरवर होतात का?"

सोमवारी खाली उतरलो तर वॉचमनमामा अदबीने उठून उभे राहिले. "सर, लग्न कुणाचं?"

स्कूटरवर खरा प्रकार कळला. लोकर उबदार असते ती तिच्या तंतूंत अडकलेल्या हवेमुळे, आणि वारा नेमकी तीच हवा हाकलतो. त्यातून अशा कोटाला छातीवर एक ऐटबाज फट ठेवलेली असते, आतला टाय दिसावा म्हणून. टाय मी लावत नाही. त्यामुळे पाठ भट्टीत, पोट भट्टीत आणि छाती थेट कासारसाई धरणाच्या पाण्यात. तीन दिवसांत आवाज बसला. त्या बसलेल्या आवाजातही मी बायकोला "मस्त ऊब आहे" असं सांगत होतो.

गुरुवारी आमच्या दूधवाल्याकडे लक्ष गेलं. पठ्ठ्याने जर्किन उलटं घातलं होतं: चेन पाठीवर, अखंड बाजू छातीवर. माझे वडीलही राजदूतवर असंच करायचे, आत वर्तमानपत्र कोंबून. बुद्धी तिथे होती, मी मॉलमध्ये शोधत होतो.

शुक्रवारी कोट उलटा घातला. मागची बटणं बायकोने लावली, एक अक्षर न बोलता. इतकी वर्षं संसार केल्यावर त्या शांततेचा अर्थ कळतो, पण वारा खरोखरच थांबला. पार्किंगपर्यंत जाताना पावलं जरा आखूड पडत होती, तेवढंच. तो मी भारदस्तपणा समजलो.

लक्ष्मी चौकात नेहमीप्रमाणे सगळं ठप्प. ब्रेक दाबला, पाय टेकवायला डावा गुडघा बाहेर काढू लागलो, तर गुडघा येईना. कोटाने दोन्ही पाय लुंगी आवळल्यासारखे धरून ठेवले होते. मग मी आणि स्कूटर, दोघंही सावकाश, कुणालाही दचकवायला नको अशा बेताने, डावीकडे आडवे झालो. शेजारच्या बसमधल्या सगळ्या माना एकदम वळल्या.

गळ्यात कंपनीचं कार्ड घातलेल्या एका मुलीने मला उठवलं. माझ्या गुडघ्यांपाशी तिने जरा निरखून पाहिलं. कोटाच्या मागच्या चिरेवर, म्हणजे त्या दिवशी माझ्या पुढ्यात, पांढऱ्या दोऱ्याची मोठी फुली होती.

"काका, हा कच्चा टाका असतो. दुकानात कोटाची घडी बसावी म्हणून घालतात. विकत घेतल्यावर तोडायचा असतो." तिने तो एका झटक्यात तोडला. मग थोडं थांबून, "आणि बाहीवरचं लेबलसुद्धा."

चार दिवस मी ते लेबल मिरवत होतो. मला वाटलं, फॅशन आहे.

एव्हाना ऊन चढलं होतं. कोटाच्या आत मी उकडत होतो आणि बटणं माझ्या पाठीवर होती.

"बेटा," मी म्हणालो, "तेवढी वरची दोन..."