शिल्लक रजा

माझ्या नावावर 45 दिवसांची रजा साठली आहे. महाराष्ट्राच्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात साठवणीची हद्द 45 दिवसांचीच आहे, त्यामुळे वरची रजा दरवर्षी वाहून जाते. धरण भरलं की पाटबंधारे खात्याचा इंजिनियर सांडव्यावरून पडणाऱ्या पाण्याकडे कौतुकाने बघत उभा राहतो ना, तसा मी दर 31 डिसेंबरला त्या वाहून जाणाऱ्या रजांकडे बघत असे. लग्नकार्यात कुणी 'काय, कसं चाललंय?' विचारलं की 'मरायला फुरसत नाही' हे मी इतक्या आनंदाने सांगे, की समोरच्याला वाटावं याला नुकतीच पद्मश्री जाहीर झाली आहे.

रजा न घेण्याच्या माझ्या या दागिन्यावर पहिला ओरखडा उठला तो स्टुटगार्टमध्ये. तिथल्या कँटीनमध्ये बटाट्याचं काहीतरी खाता खाता मी आमच्या जर्मन सहकाऱ्याला (आम्ही त्याला स्टुटगार्टकर म्हणतो) सहज सांगितल्यासारखं सांगितलं, की तीन वर्षांत मी एकही रजा घेतलेली नाही. त्याने काटा खाली ठेवला. मला वाटलं, आता उठून हात मिळवतो. तो काळजीने म्हणाला, "तुझं काम दुसऱ्या कुणाला येत नाही?"

"नाही!" मी छाती पुढे काढून.

"अरेरे. मग तुमच्या मॅनेजरला कुणी काही बोलत नाही का?"

मॅनेजर मीच होतो.

घरी आल्यावर हे मेव्हण्याला सांगितलं, सहानुभूती मिळेल म्हणून. मेव्हणा बँकेत. तो म्हणाला, "आमच्याकडे तर असल्या माणसावर नजर ठेवतात." रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे म्हणे : जोखमीच्या जागेवरच्या माणसाला वर्षातून एकदा सलग दहा दिवस, तेही आधी न कळवता, रजेवर धाडायचं. तो घरी बसला की त्याने खात्यांत काय कालवून ठेवलंय ते वर येतं. म्हणजे ज्याला मी निष्ठा समजत होतो ते एका देशात ढिसाळपणाचं लक्षण आणि माझ्याच देशात अफरातफरीचं. बायको हे ऐकून बराच वेळ हसत होती. मी तिला म्हटलं, हसायचं काय त्यात? तर म्हणाली, "अफरातफर करायला धमक लागते."

स्टुटगार्टकराला वर्षाला 30 दिवस भरपगारी रजा आहे. कायद्याने किमान चार आठवडे द्यावेच लागतात, बाकी कंपनीचं औदार्य. हा कायदा 1963 चा आहे आणि त्यातली दोन कलमं वाचून माझी झोप उडाली. एक, रजेच्या दिवसांत दुसरीकडे पोटापाण्याचा उद्योग करायचा नाही, कारण रजा विश्रांतीसाठी आहे. दोन, रजेत आजारी पडलात आणि डॉक्टरचा दाखला आणलात, तर तेवढे दिवस रजेतून कापले जात नाहीत. आपल्याकडे रजा मिळावी म्हणून माणसं आजारी पडतात. तिथे आजारी पडलं तर रजा वाचते.

त्याचा रजेचा अर्ज मी पाहिला आहे. त्यात दोन तारखा होत्या. या तारखेपासून त्या तारखेपर्यंत, संपलं. मी विचारलं, "कारण?" तो गोंधळला. "कारण काय? सुट्टी."

इथे मला थोडं थांबू द्या, कारण रजेचा अर्ज हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. मराठी माणसाची पहिली गद्य कल्पित रचना म्हणजे शाळेतला रजेचा अर्ज. 'मला उद्या ताप येणार असल्यामुळे' असं लिहिलेला अर्ज मी स्वतः वर्गशिक्षकांना दिलेला आहे. मोठेपणी ताप पुरत नाही, माणसं लागतात. बारा वर्षं मी माझ्या हाताखालच्या मुलांचे अर्ज मंजूर करतो आहे आणि त्या काळात जेवढी म्हातारी माणसं माझ्या इनबॉक्समध्ये वारली तेवढी एखाद्या साथीतही जात नसतील. यात एक शास्त्र आहे. सख्ख्या काकांना हात लावायचा नाही, दहा दिवसांचं सुतक. एवढी रजा मिळत नाही आणि मिळाली तर काम अंगावर येतं. आईचे वडील मात्र फार सोईचे. तीन दिवसांत आटोपतं. शुक्रवारी गेले की सोमवारी नातू ऑफिसात हजर, चेहऱ्यावर दुःख आणि दंडावर अलिबागचं ऊन. एकाच्या तीन वर्षांत चार आज्या गेल्या. मी अडवलं तर खाली मान घालून म्हणाला, "आजोबांची दोन लग्नं झाली होती, सर." तरी तीनच होतात, मी म्हटलं. "चौथी शेजारची. पण सख्ख्यासारखी." मी मंजूर केली. शैलीला दाद द्यावी लागते.

आणि त्या पोराला तरी काय बोलणार! 'रजा' हा शब्दच मुळात अरबीतला, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला. त्याचा अर्थ मर्जी, संमती. 'राजी' त्याच कुळातला. म्हणजे रजा मागणं म्हणजे समोरच्याची मर्जी मागणं. मला वाटलं हे आपल्याच नशिबी. पण जर्मन 'उरलाउब'चा जुना अर्थही परवानगी. सरदारापुढे उभं राहून निघायची अनुज्ञा मागायची, तो उरलाउब. फ्रेंच 'काँजे' तेच, इंग्रजी 'लीव्ह' तेच. एकूण सगळेच कधी ना कधी कुणाच्या तरी पुढे हात जोडून उभे होते. त्यांनी कायदा केला आणि हात सोडले. आपल्याकडेही 1948 चा कारखाने कायदा आला, त्यात 240 दिवस भरले की दर वीस दिवसांमागे एक दिवस हक्काचा होता. हात मात्र जोडलेलेच राहिले. (अमेरिकेत देशभराला लागू असा भरपगारी रजेचा कायदाच नाही, आणि जपानात 2019 पासून मालकाने वर्षाला पाच दिवस तरी माणसाला रजेवर घालवायचंच असा कायदा करावा लागला. तिथल्या मंडळींशी माझं चांगलं जमेल.)

आमच्या बाबांनी मात्र कुणाच्या मर्जीची वाट पाहिली नाही. लालबागच्या एका गिरणीत ते दोन साचे (माग) चालवत. चवथीच्या आधी आठ दिवस गावी जायचं म्हणजे जायचं. रजा उरली असेल तर भरपगारी, नसेल तर खाडा. खाड्याचे पैसे कापले जात, आई हिशेब करत बसे, पण कुडाळच्या पुढच्या आमच्या मातीच्या घरात गणपतीची आरती बाबांच्या आवाजात व्हायची.

16 जानेवारी 1982 ला फ्रान्सच्या सरकारने कामगारांना भरपगारी रजेचा पाचवा आठवडा दिला. त्यानंतर दोनच दिवसांनी, 18 जानेवारीला, मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. दोन-अडीच लाख माणसं बाहेर पडली, त्यातली कितीतरी परत आत गेलीच नाहीत. आमचे बाबा त्यातले. आम्ही गावी परतलो तेव्हा मी सात वर्षांचा होतो. 'तेव्हापासून मी रजेवरच आहे,' असं ते सांगतात. 'बिनपगारी.' हे ते हसत सांगतात. मी अजून त्यावर हसू शकलेलो नाही.

गेली चार वर्षं मी चवथीला गेलो नाही. गेल्या वर्षी आदल्या रात्री फोनवर बाबांनी विचारलं, "रजा गावली नाय?"

"नाय गावली," मी म्हटलं.

45 दिवस शिल्लक असताना, अर्ज न करता. पलीकडे जरा शांतता. मग ज्या माणसाने उभ्या जन्मात मुकादमाशिवाय कुणाशी रजेसाठी तोंड उघडलं नाही, तो म्हणाला, "तुझ्या सायबाक मी फोन करू?"

फोन ठेवल्यावर मी जेवलो नाही.

यंदा मी बारा दिवसांचा अर्ज केला. कारणाच्या रकान्यात दोन परिच्छेद लिहिले, सोबत माझ्या गैरहजेरीत कोसळू शकणाऱ्या सव्वीस कामांची यादी जोडली. माझ्या वरच्या बाईंनी चार मिनिटांत मंजुरी दिली. सोबत एकच शब्द, 'एन्जॉय'. यादी त्यांनी उघडलीच नाही, हे मी दोनदा तपासून पाहिलं. हाताखालच्या मुलांना सांगितलं तर म्हणाली, "सर, पंधरा घ्या ना."

अडलंय ते तिकिटापाशी. साठ दिवस आधी सकाळी आठला आरक्षण उघडतं, आणि आठ वाजून तीन मिनिटांनी कोकणकन्या भरलेली होती. माझं तिकीट वेटिंगवर आहे. तुमच्यापैकी कुणाचा चवथीला जायचा बेत फिसकटणार असेल, तर तिकीट वेळेवर रद्द करा, एवढीच विनंती. कारण विचारणार नाही.